कॅनचं अर्धं पाऊल

आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव खोटा आहे. तो माझ्या हस्ताक्षरात आहे, खाली माझी सही आहे आणि सहीवर सोसायटीचा गोल शिक्काही आहे. सचिव म्हणून मी त्या वहीत आयुष्यभर लिहीत आलो. दुधाच्या गाडीची वेळ बदलली, कॅन धुण्याची जागा बदलली, कुणाचं अभिनंदन झालं, कुणाला श्रद्धांजली वाहिली, सगळं जसं घडलं तसं लिहिलं. हा एकच ठराव खोटा, आणि तो दुधाबद्दल नाही. टीव्हीवरच्या एका अंतराळयानाच्या मालिकेत सगळ्यात चांगलं काम कुणी केलं, याबद्दल आहे.

हसण्यासारखीच गोष्ट आहे. मीही ती पुष्कळ वर्षं हसण्यावारी नेली. पण त्या ठरावापायी एका माणसाचं म्हणणं जिथं पोचायला हवं होतं तिथं पोचलं नाही, आणि ते मी अडवलं. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव नेकनूरच्या रस्त्यावरून आत. स्वच्छ दूध घालणारी सोसायटी म्हणून जिल्हा दूध संघाने आम्हाला एक टीव्ही बक्षीस दिला. गावातला तो पहिला. चेअरमनला तो आपल्या घरी न्यायचा होता, पण बक्षीस सोसायटीचं म्हटल्यावर त्याला तो दूध संकलनाच्या खोलीतच ठेवावा लागला. ज्या सिमेंटच्या ओट्यावर दुधाचे कॅन ठेवायचे त्याच ओट्यावर टीव्ही बसला. रविवारी सकाळचं माप संपलं की फरशी धुवायची, ओल्या फरशीवर पोती अंथरायची आणि सगळ्यांनी मांडी घालून बसायचं. लाइट गेली तर चेअरमनच्या जीपची बॅटरी काढून आणायची. ती काढताना तो दर वेळी म्हणायचा, "मला बीडला जायचंय, बाबांनो." आणि दर वेळी भाग संपेपर्यंत तोही बसायचा.

मालिकेत पृथ्वीवरचं पाणी संपलेलं होतं आणि एक यान पाणी शोधत या ग्रहावरून त्या ग्रहावर हिंडत होतं. ग्रह म्हणजे कुठली तरी खडीची खाण असावी. यानाचं दार प्लायवूडचं होतं, आपटलं की भिंत हलायची. एकदा तर कॅप्टन निर्जन ग्रहावर उभा राहून भाषण करत असताना मागून एक कुत्रं निघून गेलं. चेअरमन म्हणाला, "तिथं बी हायेत का?" त्यानंतर पाच मिनिटं काय चाललं ते कुणालाच कळलं नाही.

यानात तिघं महत्त्वाचे. कॅप्टन होता, भारदस्त आवाजाचा. एक डॉक्टरीणबाई होत्या. आणि एक यंत्रमानव होता. गोल अंग, वर अरुंद गळा, त्यावर झाकणासारखं डोकं. त्याला मालिकेत काही तरी लांबलचक नाव होतं, पण पहिल्याच रविवारी आमच्याकडे त्याचं नाव पडलं, कॅन. तो फार बोलायचा नाही. पाण्याची टाकी सांभाळणं हे त्याचं काम. आत कोण नट आहे ते दिसायचं नाही. शेवटी नावांची यादी सरकायची, तिच्यात सगळ्यात खाली त्याचं नाव असायचं.

आम्ही दुधावरची माणसं. अभिनय मोजायचं आमचं माप वेगळं होतं. दुधाचा भाव त्यातल्या फॅटवर, म्हणजे स्निग्धांशावर ठरतो; म्हशीची सहाच्या वर, गाईची साडेतीनच्या आसपास. भाग संपला की कुणी तरी विचारायचं, "आज कॅप्टनला फॅट किती लावायची?"

"सहा पॉइंट तरी लाव की. म्हशीचा हाय गडी."

"आन् डॉक्टरीणबाई?"

"गाईचं हाय, पर पाणी न्हाई त्यात."

शेवटचा निकाल माझा असे. कारण मी बीडला कॉलेजात शिकलो होतो आणि स्नेहसंमेलनात राजाचं काम करून ढाल मिळवली होती. ती ढाल घरी दर्शनी भिंतीवर होती. मी कॅप्टनचा माणूस होतो. आवाज, शब्दफेक, मान वर करून बघणं, हे सगळं मला कळतं असं मला वाटायचं.

माझा एक मित्र होता. होता म्हणजे आहे, सुदैवाने. धनगराचा. पहिलीत काही महिने आम्ही एका पाटीवर लिहिलं. मग तो मेंढरांमागं गेला आणि मी शाळेत राहिलो. दोन म्हशी होत्या म्हणून तो सोसायटीचा सभासद. मालिका बघायला तो उंबऱ्यावरच बसायचा, कारण बाहेर मेंढरं आणि आत टीव्ही, दोन्हींवर नजर हवी. एका रविवारी मी कॅप्टनला साडेसहा फॅट लावली तर तो उंबऱ्यावरून म्हणाला, "तुमी सगळे चुकीच्या मानसाला बघतायसा. काम कॅन करतोय."

खोली हसली. मी विचारलं, "अरे, त्याचं तोंड तरी दिसतं का? पत्र्याचा डबा तो."

"तोंड कशाला पायजे? माज्या मेंढराचं तोंड बघून मी सांगतो का त्याला काय झालंय ते? पाय बघतो, मान बघतो. आज कॅप्टन काय बोलला?"

"पाणी पुष्कळ आहे, घाबरू नका म्हणाला."

"खोटं बोलला. टाकी मोकळी हाय. आन् ते कुनाला म्हाईत हाय? कॅनला. तवा त्यानं काय केलं?"

कुणालाच आठवेना.

"अर्धं पाऊल मागं सरला. आन् एक हात टाकीवर ठिवला, असा. मालक खोटं बोलला की जनावर असंच मागं सरतं. आत मानूस हाय बे, आन् लई मोठा मानूस हाय."

मी म्हणालो, "ते पाऊल चुकून पडलं असेल. आतून त्याला दिसतच नसेल काही." परत हशा झाला. माझ्या वाक्याला झाला म्हणून मला बरं वाटलं.

आता खरं सांगतो. ते अर्धं पाऊल मीही बघितलं होतं. टाकीवर हात ठेवलेला बघून मी पोत्यावर पुढे सरकून बसलो होतो. मित्राने ते शब्दांत सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे मला का सांगता आलं नाही? ढाल तर माझ्या घरी आहे.

मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या विहिरींना पाणी होतं. ती निम्मी झाली तोवर आमच्याकडेही कोरड पडली. टँकर येऊ लागला. बरीच गुरं पाटोद्याच्या बाजूला चारा छावणीला गेली, माप निम्म्याहून खाली आलं, दुधाची गाडी एक दिवसाआड झाली. पण रविवारी खोली भरलेली असायचीच, उलट जास्त भरायची, कारण दुसरं कामच नव्हतं. यानात पाणी सापडलं की आमच्याकडे टाळ्या पडायच्या. नाही सापडलं की एक जण म्हणायचा, "त्यायनी बी टँकर लावायला पायजे."

काम नसलं की वाद वाढतात. कॅप्टनवाले आणि कॅनवाले असे दोन तट पडले. पारावर, टँकरच्या रांगेत, सगळीकडे तेच. शेवटी चेअरमनने उपाय काढला. सोसायटीची निवडणूक कित्येक वर्षं बिनविरोध होत होती, म्हणजे चेअरमनच्या बैठकीत ठरायची. मत द्यायला गावाचे हात शिवशिवत होते आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला, "घ्या इलेक्शन. पोटनियमाप्रमानं. जो निवडून येईल त्याच्या अभिनंदनाचा ठराव लेटरहेडवर टाइप करून टीव्ही केंद्राला पाठवू. गोल शिक्का मारून."

हे ऐकून माझा मित्र उंबऱ्यावरून उठून पहिल्यांदा खोलीच्या आत आला. "म्हंजी पत्र त्या मानसापतुर जाईल?"

"जाईल की. नट असला तरी टपाल मिळतंच."

त्या दिवशी घरी जाताना तो मला म्हणाला, "इतकं काम करायचं आन् तोंड झाकून करायचं. त्याला आजपतुर कुनी सांगितलं नसंल बे, की आमाला तू दिसतोस म्हनून. येवढं एक त्याला कळायला पायजे." त्याला निवडणूक जिंकायची नव्हती. त्याला ते पत्र पाठवायचं होतं.

मग जे झालं ते फक्त सहकारी संस्थेच्या गावातच होऊ शकतं. उमेदवारी अर्ज आले. प्रत्येकाला सूचक आणि अनुमोदक. कॅप्टनचा सूचक मी, कॅनचा तो, आणि निवडणूक निर्णय अधिकारीही मीच. एकच माणूस सूचक आणि निर्णय अधिकारी कसा, हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे तसं विचारायची पद्धत नव्हती. छाननीत हरकत आली की कॅन हा मनुष्य नसल्याने अर्ज बाद करावा. माझ्या मित्राने उत्तर दिलं, "आत मानूस न्हाई तर मंग त्याला शेवटी नाव कावून देत्यात?" हरकत फेटाळली. चिन्हं वाटली. कॅप्टनला टोपी, डॉक्टरीणबाईंना इंजेक्शन, कॅनला कॅन. बायकाही मालिका बघतात म्हणून त्यांनाही मत, असा निर्णय चेअरमनने खास अधिकारात दिला. प्रचारात एक जण टोपी घालून गावभर फिरला. छावणीतली माणसं मतदानाला ट्रॅक्टरने आली.

मतपेटी म्हणून एक मोकळा कॅन ठेवला होता. त्यावर कॅप्टनवाल्यांनी हरकत घेतली, की पेटीच विरोधी उमेदवाराचं चिन्ह आहे. मग त्याच्याभोवती पोतं गुंडाळलं.

दुपारी मोजणी झाली. मी एकेक चिठ्ठी उघडायची, वर धरून दाखवायची आणि बाजूला ठेवायची. चेअरमन खुर्चीत, बाकीचे खिडकीशी. इंजेक्शन लवकरच मागे पडलं. टोपी आणि कॅन बरोबरीने चालले होते. शेवटी हाताखाली एकच चिठ्ठी उरली, तेव्हा दोन्ही गठ्ठे सारखे होते. ती तंबाखूच्या पुडीसारखी बारीक दुमडलेली होती. अशी घडी गावात एकच माणूस घालायचा, उंबऱ्यावर बसणारा. मी ती उघडली. फुलीचा शिक्का कॅनवर स्वच्छ, मधोमध. आणि कडेला अंगठ्याचा जांभळा डाग.

डाग पुष्कळ चिठ्ठ्यांवर होते. शिक्क्याच्या गादीवर मीच शाई जास्त ओतली होती. टोपीवरच्या तीन-चार चिठ्ठ्या तशाच डागाच्या असून मी काही न बोलता गठ्ठ्यात ठेवल्या होत्या.

मी चिठ्ठी वर धरली आणि म्हणालो, "मतदाराची ओळख पटेल अशी खूण आहे. नियमाप्रमाणे बाद."

हरकत आली नाही. नियम मला माहीत असतात असा सगळ्यांचा विश्वास होता. मतं समसमान झाली. समसमान झाली की चेअरमनचं निर्णायक मत. चेअरमनने जागच्या जागी हात उंच करून टोपीला दिलं, कारण यानात काय किंवा सोसायटीत काय, वरच्या खुर्चीतला माणूस निवडून आलेला त्याला बरा वाटे. गुलाल उधळला. माझा मित्रही त्यात होता. कुणाची चिठ्ठी बाद झाली ते त्याला खिडकीतून दिसलं नव्हतं.

ठराव गेला. दोन महिन्यांनी कॅप्टनचा सही केलेला फोटो आला. तो संकलनाच्या खोलीत लागला आणि पुढे बरीच वर्षं दुधाच्या वाफेत पिवळा पडत राहिला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण निकालानंतरच्या आठवड्यात मित्र एक कोरं पोस्टकार्ड घेऊन घरी आला. म्हणाला, "सोसायटीचं ऱ्हाऊ दे. माज्या नावानं दोन वळी लिही त्याला. म्हनावं, पाऊल मागं घेतलंस ते आमी बघितलं." मी त्याच्यासमोर लिहिलं. वाचून दाखवलं. त्याने खाली अंगठा दिला. मी म्हणालो, उद्या टाकतो.

टाकलं नाही. वाटलं, उत्तर आलं तर? कॅनचा पण फोटो आला तर तो कॅप्टनच्या शेजारी लावावा लागेल, आणि मग लोक त्याला विचारतील, तुला कसं कळलं रे? मी ते कार्ड सोसायटीच्या कपाटात पोटनियमांच्या पुस्तकात ठेवून दिलं. तो दर रविवारी उंबऱ्यावरून विचारायचा, "आलं का काई?" मी म्हणायचो, "टपाल आहे, वेळ लागतो." मग पाऊस झाला, तो मेंढरं घेऊन गेवराईकडे गोदावरीच्या अंगाला गेला, मालिका संपली. परत आल्यावर त्याने एकदाच विचारलं, आणि मग कधीच नाही.

मला मात्र त्या यानाने कायमचं वेड लावलं. पुढे बीडच्या टॉकीजमध्ये, व्हिडिओवर, मग केबलवर हिंदीत बोलणारे परदेशी सिनेमे, आता मोबाइलवर, अवकाशातलं, भविष्यातलं, यंत्रांचं जे मिळेल ते मी बघत आलो. बायको म्हणते, "आवं, जमिनीवरचं बी काई बघत जावा की." चांगली कामं पुष्कळ बघितली. एक बाई बघितली, तिने यंत्राचं काम करताना अख्ख्या सिनेमात पापणी लवू दिली नव्हती, आणि शेवटी एकदाच लवली. पुष्कळ वर्षं मी तिला पहिल्या नंबरवर ठेवलं. एक म्हातारा नट बघितला, यानात एकटाच उरलेला. तो रोज दोन ताटं वाढतो आणि एक परत ठेवतो. एका शब्दाशिवाय. त्याला दुसरा नंबर. निळा रंग फासलेला एक खलनायक होता, तो मला आवडतो ते त्याच्या हसण्यासाठी. आणि कॅप्टन? त्याची जुनी चित्रफीत अलीकडे नातीने मोबाइलवर शोधून दिली. आवाज अजून छान आहे. पण तो यानात उभा नसतो, आमच्या स्नेहसंमेलनात उभा असतो. साडेतीन फॅट, आणि तीही जुन्या ओळखीने.

त्याच चित्रफितीत ते अर्धं पाऊल आहे. मी ते पुनःपुन्हा बघितलं. पापणीवाली बाई दुसऱ्या नंबरवर गेली.

बायको मागून बघत होती. म्हणाली, "ह्यालाच तर म्या मत दिलतं."

"तू? मी सूचक होतो टोपीचा!"

"टोपीवरच मारनार व्हते. पर त्याचा टाकीवरचा हात आठवला आन् शिक्का कॅनवर पडला. तुमी इचारलं कवा?"

सोसायटी नव्या इमारतीत गेली तेव्हा जुनं कपाट रिकामं करायला मला बोलावलं. पोटनियमांच्या पुस्तकातून पोस्टकार्ड खाली पडलं. अंगठा अजून जांभळा होता. मी ते खिशात घातलं आणि सरळ मित्राच्या शेतावर गेलो. तो लिंबाखाली बसला होता, समोर चार शेळ्या, आता तेवढ्याच. मी चिठ्ठीचं सांगितलं. मग कार्ड त्याच्या हातात दिलं.

त्याला वाचता येत नाही, पण अंगठा त्याने ओळखला. कार्ड उलटंसुलटं करून बघितलं.

"म्हंजी त्याला कळलंच न्हाई?"

"नाही."

"अबे शेक्रेटरी, मत गेलं तर जाऊ दे. कार्ड कावून ठिवलं?"

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे लोकांना कळेल म्हणून."

त्याने कार्ड मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "ते तर समद्या गावाला म्हाईत व्हतं की. तुज्या ढालीमुळं कुनी बोलत नव्हतं." आणि इतका हसला की शेळ्या उठून उभ्या राहिल्या. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "पर फुकट सोडनार न्हाई तुला. जिथं खोटं लिहिलंस तिथंच खरं लिही. सभेत."

या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय निघाले तेव्हा मी उभा राहिलो. आता चेअरमन आहेत त्या जुन्या चेअरमनच्या सूनबाई. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, डाग, शाई, कार्ड. तरण्या सभासदांना कॅन कोण ते माहीत नव्हतं. एकाने विचारलं, "पन आजोबा, त्यानं असं केलं काय व्हतं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मित्र उठला. काठी खुर्चीला टेकवली आणि नव्या दूध थंड करायच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, "तू कॅप्टन हो. बोल, पानी लई हाय."

मी माझ्या राजाच्या आवाजात म्हणालो, "पाणी पुष्कळ आहे, घाबरू नका!"

त्याने मान हलवली नाही. चेहऱ्यावर काहीच आणलं नाही. फक्त अर्धं पाऊल मागे सरला आणि एक हात टाकीवर ठेवला, उशिरा, जरासा वाकडा. मागच्या रांगेतली पोरं बघायला उभी राहिली. मग टाळ्या पडल्या. माझ्या मागे कुणी तरी म्हणालं, "ह्यालाच फॅट लावा आता."

सूनबाईंनी रीतसर विचारलं, "सूचक?"

"मी," मी म्हणालो.

"अनुमोदक?"

सगळ्या बाजूंनी हात वर झाले. मागचा ठराव रद्द करून कॅन एका मताने विजयी झाल्याची नोंद त्याच वहीत झाली. माझे हात थरथरतात, म्हणून सूनबाईंनी लिहिलं आणि मी सही केली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नेकनूरला गेलो. ठराव आणि ते जुनं पोस्टकार्ड एका पाकिटात घालून टीव्ही केंद्राच्या पत्त्यावर पाठवलं, शेवटी नाव असणाऱ्या नटासाठी, किंवा त्याच्या घरच्यांसाठी. या वेळी पाकीट मित्राने स्वतः खिडकीत दिलं. माझ्या हातात दिलं नाही.

कॅप्टनचा फोटो नव्या इमारतीतही आहे, तो आम्ही काढला नाही. त्याच्या शेजारी एक खिळा ठोकून ठेवला आहे.

मित्र रोज सकाळी दूध घेऊन येतो, आता शेळीचंच, आणि दारातूनच विचारतो, "आलं का काई?"

"अजून नाही," मी म्हणतो. आणि खरंच आलेलं नसतं.